रिकाम्या कॉलेजांचे आरोग्य

१६६५-६६ च्या प्लेगमध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज गावी मृत्यूंची छापील पत्रके निघत. कोणत्या पॅरिशमध्ये किती माणसे दगावली, त्यांतली प्लेगने किती, असा कोरडा तपशील त्यांत असे. लंडनमध्ये अशी पत्रके दर आठवड्याला निघत आणि लोक ती विकत घेऊन वाचत. केंब्रिजने तोच कित्ता गिरवला होता. मात्र केंब्रिजच्या पत्रकात एक वाक्य जादा होते. परमेश्वराच्या कृपेने सगळी कॉलेजे आजवर प्लेगच्या संसर्गापासून मुक्त राहिली आहेत, अशा अर्थाचे.

वाक्य खोटे नव्हते. फक्त कॉलेजांत त्या वेळी माणसेच जवळजवळ उरलेली नव्हती, हे त्यात सांगितलेले नव्हते.

साथीच्या काळात विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांना काय सांगितले, हा विषय घेऊन मी गेली काही वर्षे वाचते आहे. तो घेण्याचे निमित्त फार मोठे नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या फोनवर एक मजकूर फिरत होता: प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले, तरुण न्यूटन घरी बसला आणि त्याने गुरुत्वाकर्षण, कॅल्क्युलस आणि प्रकाशाचा सिद्धान्त असे सगळे शोधून काढले, तेव्हा मुलांनो, वेळ वाया घालवू नका. या मजकुरात न्यूटन होता, सफरचंद होते, पण विद्यापीठ 'बंद पडले' म्हणजे नेमके काय झाले, ते कोणी केले, कोणाला काय सांगितले, याचा मागमूस नव्हता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशी रिकामी जागा खटकते.

आधी हे सांगायला हवे की, केंब्रिजमधले कॉलेज म्हणजे आपल्याकडचे कॉलेज नव्हे. वर्ग, वसतिगृह, खाणावळ, प्रार्थनामंदिर आणि जमीनजुमला असलेले ते एक मोठे एकत्र कुटुंबच. त्या कुटुंबातला माणूस कोण, हे ठरे ते पंक्तीवरून. कॉलेजच्या खर्चाने मिळणाऱ्या जेवणाला 'कॉमन्स' म्हणत, आणि त्यावर हक्क असणे म्हणजे कॉलेजचे असणे. त्यामुळे साथ आली की कॉलेजपुढे पहिला प्रश्न उभा राही तो वैद्यकाचा नसे, मुदपाकखान्याच्या हिशेबाचा असे. ट्रिनिटी कॉलेजचा ७ ऑगस्ट १६६५ चा ठराव या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. जॉन पिअर्सन तेव्हा कॉलेजचे प्रमुख होते. ठराव असा की, साथीमुळे जे फेलो आणि स्कॉलर आता खेड्यावर जात आहेत, त्यांना पुढच्या महिन्याभराच्या कॉमन्सची नेहमीच्या दराने रक्कम मिळावी. जा, आणि जेवणाचे पैसे घेऊन जा. हात धुवा, गर्दी टाळा, ताप आल्यास कळवा, असले काही त्यात नाही.

माझ्या मते ही व्यवस्था तिच्या काळाच्या मानाने शहाणपणाची होती. प्लेग हवेतल्या कुजकेपणाने होतो, असे मानणाऱ्या जगात दूषित हवेपासून लांब जाणे हाच एक उपाय कळत होता. प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली हाँगकाँगमध्ये, आणि उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे पॉल-लुई सिमाँने दाखवले १८९८ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत. तोवर जगभरच्या विद्यापीठांना पळणे एवढेच माहीत होते, आणि ती पळण्याची सोय करून ठेवत. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजकडे गावाबाहेरचे सेंट बार्थोलोम्यूचे जुने धर्मादाय रुग्णालय होते, ते अशा वेळी आसऱ्याला वापरत. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजचे गार्सिंग्टन खेड्यात घर होते, तेही त्याचसाठी. १६६५ मध्ये तर गंमतच झाली. केंब्रिजचे लोक गाव सोडत होते आणि लंडनच्या प्लेगला भिऊन राजा, दरबार आणि पार्लमेंट ऑक्सफर्डमध्ये येऊन थडकले होते. दरबाऱ्यांसाठी सरकारी वृत्तपत्रही तिथूनच निघू लागले. एका विद्यापीठातून माणसे हाकलली जात होती आणि दुसऱ्यात कोंबली जात होती.

केंब्रिजमध्ये ऑक्टोबर १६६५ मध्ये विद्यापीठाच्या सभेने ग्रेट सेंट मेरी चर्चमधली प्रवचने आणि विद्यापीठाच्या वर्गांमधले वादविवाद थांबवले. हे वादविवाद म्हणजे त्या काळची परीक्षाच. मार्च १६६६ मध्ये सहा आठवडे प्लेगने एकही मृत्यू झाला नाही, तेव्हा लोकांना परत बोलावले गेले. ते आले. जूनपर्यंत प्लेगने पुन्हा डोके वर काढले आणि सगळे पुन्हा गेले. नीटपणे विद्यापीठ सुरू झाले ते १६६७ च्या वसंतात. दुसऱ्या लाटेचा अनुभव घेतलेल्या वाचकाला हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

आता न्यूटन. तो ट्रिनिटीमध्ये १६६१ साली आला तो 'सबसायझर' म्हणून, म्हणजे फेलोंची आणि श्रीमंत विद्यार्थ्यांची वरकामे करून शिकणारा. १६६४ मध्ये त्याला स्कॉलरची जागा मिळाली आणि ते काम सुटले. ऑगस्ट १६६५ च्या ठरावानुसार ज्यांना पैसे मिळाले त्यांत त्याचे नाव नाही, यावरून तो ७ ऑगस्टच्या आधीच लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला होता, असे अभ्यासक मानतात. २० मार्च १६६६ ला तो परत आला. ही तारीख त्याच्या स्वतःच्या जमाखर्चाच्या वहीत आहे. तिथे ती १६६५ अशी दिसते, कारण इंग्लंडात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला लागे. जूनच्या सुमारास तो पुन्हा गेला आणि एप्रिल १६६७ मध्ये परतला. म्हणजे 'दोन वर्षे घरी' ही गोष्ट खरी नाही. मध्ये एक वसंत ऋतू केंब्रिजचा आहे.

बाकीचा तपशीलही थोडा ढिला आहे. गणितातल्या त्याच्या मोठ्या शोधांची सुरुवात १६६४ मध्ये, कॉलेजात देकार्त आणि वॉलिस वाचताना झाली होती. लोलकाची गोष्ट तर हमखास सांगितली जाते. न्यूटनच्या भाचीचे यजमान जॉन कॉन्ड्युइट लिहितात की, ऑगस्ट १६६५ मध्ये स्टूरब्रिजच्या जत्रेत त्याने लोलक विकत घेतला. पण स्टूरब्रिजची जत्रा भरे सप्टेंबरात, न्यूटन ऑगस्टच्या आधीच गावाबाहेर, आणि १६६५ व १६६६ अशी दोन्ही वर्षे प्लेगमुळे जत्रा भरलीच नव्हती. खुद्द न्यूटनने म्हातारपणी लिहिले की, प्लेगच्या त्या दोन वर्षांत आपली कल्पकता ऐन भरात होती. त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचे मला कारण नाही. मात्र घरी जाण्याआधी त्याची वही भरत आली होती, आणि घरी गेल्यावर त्याच्या डोक्यावर छप्पर, आईची शेती आणि चुलीवरचे अन्न होते. काही विद्यार्थी आपापल्या शिक्षकांबरोबर जवळच्या खेड्यांत राहून शिकत राहिले. न्यूटनला त्याचीही गरज वाटली नाही.

स्टूरब्रिजची जत्रा ही युरोपातल्या सर्वांत मोठ्या जत्रांपैकी एक. ती रद्द झाली, हे न्यूटनच्या चरित्रात लोलकाच्या तारखेपुरते येते. केंब्रिज गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, वर्षभराची कमाई बुडाली, आणि तीही विद्यार्थी निघून गेल्यामुळे धंदा आधीच बसलेला असताना. कॉलेजच्या पंक्तीला जेवणारे लोक गेले, पण त्या पंक्तीवर जगणारे कुठे जाणार? बिछाने घालणाऱ्या बायका, आचारी, धोबिणी, भाड्याने घोडे देणारे, पुस्तके बांधणारे. त्यांच्यासाठी कॉमन्सचा ठराव नव्हता. त्यांच्यातला कोणी आजारी पडला, तर त्याला गावाबाहेरच्या मोकळ्या कुरणावर प्लेगसाठी उभ्या केलेल्या झोपड्यांत नेत. पत्रकातल्या पॅरिशवार आकड्यांत त्यांची गणती होई, आणि शेवटच्या त्या वाक्यात कॉलेजांची.

कॉलेजे आणि गाव यांच्यामधली ही दरी जवळून पाहिलेला एक माणूस पस्तीस वर्षे आधी होऊन गेला होता. या सगळ्या वाचनात मला भेटलेला सर्वांत लक्षात राहणारा माणूस तोच. त्याचे नाव हेन्री बट्स. कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा प्रमुख आणि १६३० मध्ये विद्यापीठाचा कुलगुरू. तरुणपणी, १५९९ साली, त्याने खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या गुणदोषांवर एक खुसखुशीत पुस्तक लिहिले होते, त्यात तंबाखूवरही प्रकरण होते. असा हा खाऊनपिऊन सुखी विद्वान.

१६३० च्या वसंतात प्लेग आला आणि कॉलेजे नेहमीप्रमाणे रिकामी झाली. कुलगुरू गेला नाही. त्याने विद्यापीठाचे एक वरिष्ठ पदाधिकारी लॉर्ड कॉव्हेन्ट्री यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपण अगदी एकटे, टाकून दिल्यासारखे उरलो आहोत, कॉलेजात एक विद्यार्थी नाही आणि बाहेरही दिसत नाही, असे तो लिहितो. त्याच्या हिशेबाप्रमाणे गावात पाच हजार गरीब होते आणि त्यांना मदत करू शकतील अशी माणसे शंभरावर नव्हती. तक्रार करून तो थांबलेला नाही. लांबच्या कुरणावर चाळीस झोपड्या बांधल्या, रोग्यांना लगेच तिथे हलवले, एका जर्मन वैद्याला तिथे नेमले, आणि लोकांनी विनाकारण एकमेकांत मिसळू नये म्हणून रस्त्यांवर रात्रंदिवस फिरणारे पहारेकरी ठेवले, असे सगळे त्या पत्रात आहे. केंब्रिजच्या कुलगुरूकडे तेव्हा गावचा बाजार, वजनेमापे, दारूची दुकाने यांवरही अधिकार असत. त्यामुळे गाव सांभाळणे ही त्याची मेहेरबानी नव्हती, जबाबदारीच होती. पण ती टाळून निघून जाणे सोपे होते, हेही तितकेच खरे. त्या साथीत केंब्रिजमध्ये सुमारे साडेतीनशे माणसे गेली.

या साथीची एक हलकीफुलकी आठवण इंग्रजी भाषेत राहिली आहे. थॉमस हॉब्सन हा केंब्रिज-लंडन मार्गावर सामान आणि टपाल नेणारा म्हातारा. विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने देताना दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर चालू लागा, असे तो सांगे. 'हॉब्सनची निवड' हा वाक्प्रचार त्यावरून आला. प्लेगमुळे त्याची लंडनची फेरी बंद करण्यात आली आणि १ जानेवारी १६३१ ला तो वारला. तेव्हा क्राइस्ट्स कॉलेजात शिकत असलेल्या जॉन मिल्टनने त्याच्यावर दोन विनोदी कविता केल्या: फेऱ्या थांबल्या म्हणून बिचारा मेला. विद्यार्थ्यांच्या नजरेला साथीत गावचे काय दिसले असेल, तर हा गाडीवान. चाळीस झोपड्यांवर कोणी कविता केली नाही.

बट्सची अखेर वाईट झाली. १६३२ च्या ईस्टरच्या दिवशी त्याने गळफास लावून घेतला. त्याला प्लेगच्या वर्षाने खचवले, असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. त्याच वसंतात राजा केंब्रिजला आला असताना झालेल्या एका नाटकाच्या निवडीवरून त्याला बरीच बोलणी खावी लागली होती, आणि तेव्हाचे लोक त्याच्या मृत्यूचा संबंध त्याच्याशी लावत. माणसाच्या मनात काय होते, ते कागदपत्रांतून उमटत नाही. एवढेच म्हणता येते की, एकटा थांबलेल्या कुलगुरूला त्याबद्दल विद्यापीठाने डोक्यावर घेतले, असे काही घडले नाही.

त्याच कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात १६६५ मध्ये पुन्हा एक जण थांबला. थॉमस टेनिसन, वय तिशीच्या आत, कॉलेजचा फेलो आणि गावातल्या सेंट अँड्र्यू द ग्रेट चर्चचा पाद्री. त्याच्यासोबत दोन विद्यार्थी आणि काही नोकर. कॉलेजच्या दरवाजाशी कोळसा, डांबर आणि गंधक सतत जळत ठेवत आणि आत राहिलेल्यांना वाइनमधून एक प्रतिबंधक पूड देत. ट्रिनिटीच्या ठरावात न सापडलेली सूचना इथे सापडते: राहायचेच असेल तर कसे राहायचे. धुराने प्लेग जात नाही हे आज कळते, पण या माणसाचे कौतुक धुरासाठी नाही. तो रोज दरवाजाबाहेर पडून रोग्यांकडे जात होता. पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला, म्हणून त्याची ही हकीकत टिकली. त्या दोन विद्यार्थ्यांना घरी का जाता आले नाही, की जायचे नव्हते, हे मात्र कोणी नोंदवलेले नाही.

मला त्या दोघांबद्दल फार कुतूहल आहे, आणि त्याचे कारण मार्च २०२० मध्ये आहे. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या वसतिगृहांवर ठरावीक मुदतीत खोल्या रिकाम्या करण्याच्या सूचना लागल्या. बहुतेक मुले गेली. काहींचे घर म्हणजे दोन खणांत सात माणसे. सातपुड्यातून आलेला माझा एक विद्यार्थी गावी गेल्यावर तासाला 'हजर' राहण्यासाठी रोज टेकडी चढत असे, कारण खाली फोनला रेंज नव्हती. ज्या दिवशी पाऊस असेल त्या दिवशी तो गैरहजर. त्याला न्यूटनचा मजकूर पाठवणाऱ्याने वूल्सथॉर्पचा वाडा पाहिला नव्हता, आणि ही टेकडीही पाहिली नव्हती.

त्या वर्षीचा मोठा वाद मात्र परीक्षेचाच झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० ला सांगितले की, अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात. महाराष्ट्र सरकार त्या न घेण्याच्या बाजूने होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, साथीमुळे अडचण असेल तर राज्यांनी आयोगाकडे मुदत वाढवून मागावी. केंब्रिजच्या सभेने वादविवाद थांबवून जो प्रश्न बाजूला ठेवला होता, त्याच्यावर आपण उन्हाळा आणि पावसाळा खर्च केला. मुलगा राहणार कुठे, जेवणार काय, खोली सोडल्यावर खाणावळीचे भरलेले पैसे त्याला परत मिळणार का, यावर एवढा खल झाल्याचे मला आठवत नाही. पिअर्सनच्या ठरावात निदान हा शेवटचा मुद्दा होता.

'घरी जा' ही सूचना घर असलेल्यासाठी असते. घरच नसलेल्या विद्यार्थ्यांचे काय करायचे, याचा विचार करणारे उदाहरण मला केंब्रिजमध्ये मिळाले नाही, पुण्यात मिळाले. १८९७ च्या प्लेगमधली रँडची घरझडती आणि विलगीकरणाच्या छावण्या आपल्याला पाठ आहेत. त्यानंतरही प्लेग वर्षानुवर्षे पुण्याला येतच राहिला, आणि साथ आली की ज्यांना शक्य होते ते गावाबाहेर झोपड्या घालून राहात. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला होता, आणि तो सदाशिव पेठेत चालत होता. तिथल्या विद्यार्थिनी विधवा. त्यांना घरी पाठवणे म्हणजे ज्या घरातून सुटून त्या शिकायला आल्या, त्याच घरात परत ढकलणे. पाठवलेली मुलगी साथ संपल्यावर परत येईलच, याची खात्री कोण देणार?

कर्व्यांनी आश्रम बंद केला नाही, हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथल्या झोपडीत गेला. हिंगणे तेव्हा पुण्यापासून लांब, रस्ता धड नाही, पावसाळ्यात चिखल. फर्ग्युसनमधले तास आटोपले की कर्वे पायी हिंगण्याला जात, तिथे बायकांना शिकवत आणि पुन्हा पायीच तासांसाठी परतत. प्लेग ओसरला तरी आश्रम पेठेत परत आला नाही. त्याच हिंगण्याच्या माळावर १९१६ साली कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या तुकडीत मोजक्या मुली होत्या आणि त्या राहायला तिथेच होत्या.